कांच, शेवाळ आणि वाळूचा कण

इतिहास म्हटला कीं राज्यें, लढाया आणि तहनामे यांचीच आठवण आपणांस प्रथम होते, आणि तें स्वाभाविकहि आहे. तथापि मनुष्याच्या संस्कृतीचा पुष्कळसा इतिहास दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत, खिडकीच्या कट्ट्यावर किंवा स्वयंपाकघराच्या ओट्याशीं घडलेला असतो, व त्याची दखल घेण्यास कोणी बखरकार येत नाहीं. माशांची कांचेची पेटी ही अशाच इतिहासांतील एक वस्तु होय. आज अनेक सुशिक्षित कुटुंबांत ती आढळते. आणलेल्या दिवशीं तिची कांच इतकी निर्मळ असते कीं मासे हवेंतच तरंगत आहेत असा भास व्हावा. पंधरा दिवस लोटतात न लोटतात तोंच त्या कांचेवर हिरवट किंवा तपकिरी बुरा चढूं लागतो. घरांतील कोणीतरी तो पुसावयास बसतो. शेवाळ निघून जातें खरें, परंतु त्याच्या जागीं केसासारखा एक पांढुरका चरा उमटतो. शेवाळ पुन्हां येतें आणि पुन्हां जातें. चरा मात्र एकदां आला म्हणजे जात नाहीं.

हा चरा कसा टाळावा, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ घरकामाचा आहे. परंतु त्याचें उत्तर शोधूं लागलें असतां आपण एका रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेंत, एका धर्मनिष्ठ निसर्गाभ्यासकाच्या समुद्रकिनाऱ्यावर आणि कांच घांसणाऱ्या कारखान्यांत जाऊन पोंचतों. सुमारें पावणेदोनशें वर्षांचा हा इतिहास एकच गोष्ट पुनःपुन्हां शिकवितो. कांच स्वच्छ राखण्याची विद्या ही मुख्यतः घांसण्याची विद्या नव्हे. घांसण्याची पाळी कमी कशी येईल हें पाहणें, आणि ती आलीच तर कांच व हात यांच्यामध्यें काय सांपडलें आहे हें ओळखणें, या दोन गोष्टींतच तिचें सार आहे.

मासे पाळण्याची हौस फार प्राचीन आहे. रोमन श्रीमंतांचे मत्स्यकुंड प्रसिद्धच आहेत, आणि चीनमध्यें सोनेरी मासे शेंकडों वर्षांपासून निपजविले जात आले आहेत. परंतु कुंडांतला किंवा चिनी मातीच्या भांड्यांतला मासा वरून पहावा लागे. त्याची पाठ तेवढी दिसे. त्याचें जगणें दिसत नसे. त्याला बाजूनें, त्याच्या पातळीवरून पाहण्यास मध्यें पारदर्शक भिंत हवी. ही गरज ज्यांना प्रथम जाणवली त्यांत जान व्हिलप्रे-पॉवर या फ्रेंच बाईंचें नांव अग्रभागीं येतें. सिसिली बेटांतील मेसिना शहरीं राहून १८३२ च्या सुमारास त्यांनीं अर्गोनॉट नांवाचा अष्टपाद प्राणी कांचेच्या पेट्यांत ठेवून पाहिला, आणि तो आपलें कवच दुसऱ्या कोणाचें चोरीत नसून स्वतःच रचतो असें सिद्ध केलें. पुढें १८४६ सालीं ॲना थिन या इंग्रज बाईंनीं टॉर्कीच्या किनाऱ्यावरून कांहीं जिवंत प्रवाळ लंडनला आणले. पाण्यांत हवा मिसळत रहावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीशीं उभी राहून अर्धा-पाऊण तास तें पाणी एका भांड्यांतून दुसऱ्यांत ओतीत असे. प्रवाळ जगले, परंतु हा मार्ग घरोघर चालण्यासारखा नव्हता हें उघड आहे.

दुसरी अडचण पैशाची होती. इंग्लंडांत १७४५ सालच्या कायद्यानें कांचेवर जबर कर बसविलेला होता, व तो पुरीं शंभर वर्षें टिकला. १८४५ सालीं सर रॉबर्ट पील यांच्या मंत्रिमंडळानें तो उठविला, आणि कांच एकाएकीं मध्यम वर्गाच्या आटोक्यांत आली. सहाच वर्षांनीं, १८५१ च्या महाप्रदर्शनासाठीं लंडनच्या हाइड पार्कमध्यें जो स्फटिक-प्रासाद उभा राहिला त्याला सुमारें तीन लक्ष तावदानें लागलीं. कांचेच्या या सुकाळांतच माशांच्या पेटीचा जन्म झाला. मात्र कांच स्वस्त होऊन भागण्यासारखें नव्हतें. तिच्या आड असलेलें पाणी जिवंत कसें ठेवावें, हा खरा प्रश्न होता.

तो सोडविण्याचें श्रेय बव्हंशीं रॉबर्ट वॉरिंग्टन यांस जातें. हे लंडनच्या औषधी-व्यवसायिकांच्या संस्थेंत रसायनशास्त्रज्ञ होते. १८४९ सालीं त्यांनीं सुमारें बारा गॅलन पाणी मावेल असें कांचेचें पात्र घेतलें, तळाशीं वाळू व चिखल घातला, व्हॅलिस्नेरिया नांवाची लांब पानांची पाणवनस्पति लावली व दोन लहान सोनेरी मासे सोडले. कल्पना अशी कीं माशांच्या श्वासानें निघणारा कर्बवायु वनस्पतीनें घ्यावा आणि वनस्पतीनें सोडलेला प्राणवायु माशांनीं घ्यावा. प्रारंभीं सर्व ठीक चाललें. परंतु थोड्याच दिवसांत वनस्पतीचीं जुनीं पानें कुजूं लागलीं, पाणी गढूळ झालें आणि पात्राच्या अंगावर हिरवट, बुळबुळीत थर चढला. आज आपल्या घरच्या पेटींत जें होतें तेंच तेथें झालें.

येथें वॉरिंग्टन यांनीं जें केलें त्यांतच त्यांची बुद्धिमत्ता दिसून येते. त्यांनीं ब्रश हातांत घेतला नाहीं, किंवा पाणी ओतून देऊन पात्र घांसून काढलें नाहीं. तळ्यांतल्या तळ्यांत हीच घाण रोज उत्पन्न होत असली पाहिजे. मग ती नाहींशी कोण करतो, असा प्रश्न त्यांनीं केला, आणि पात्रांत पांच-सहा पाणगोगलगाई सोडल्या. गोगलगाईंनीं कुजलेला पाला खाल्ला, बुळबुळीत थर चाटून काढला आणि पाणी पुन्हां निवळलें. इतकेंच नव्हे तर त्यांचीं अंडीं व पिलें माशांचें खाद्य झालीं. मासा, वनस्पति आणि गोगलगाय असें हें त्रिकूट १८५० सालीं वॉरिंग्टन यांनीं रसायनशास्त्रीय मंडळीपुढें मांडलें. पुढें समुद्राच्या पाण्याची पेटी करतांना त्यांनीं हेंच काम किनाऱ्यावरच्या लहान शंखांकडे सोंपविलें.

आपल्याकडे 'गोगलगाय नि पोटांत पाय' अशी म्हण आहे. ती म्हणणारानें गोगलगाईच्या तोंडांत डोकावून पाहिलें असतें तर तेथें त्याला कानस आढळली असती! या प्राण्याच्या जिभेवर सूक्ष्म दांतांच्या ओळींवर ओळी असतात. जीभ बाहेर काढून ती पृष्ठभागावरून ओढली कीं शेवाळ खरवडून तोंडांत येतें. पुढच्या ओळी झिजल्या म्हणजे मागून नव्या सरकतात. म्हणजे ही कानस जन्मभर बोथट होत नाहीं. तळ्यांतील गोगलगाईचे हे दांत मुख्यतः कायटिन या शृंगासारख्या द्रव्याचे असल्यानें शेवाळापुरते कठीण आणि कांचेच्या मानानें मृदु असतात. फिलिप हेन्री गॉस यांनीं किनाऱ्यावरच्या शंखांचें हें काम भिंग लावून पाहिलें होतें. शेवाळलेल्या कांचेवर त्यांच्या जिभेच्या ज्या वक्र खुणा एकीशेजारीं एक उमटतात, त्यांची उपमा त्यांनीं गवत कापीत जाणाऱ्या माणसाच्या फटकाऱ्यांशीं दिली आहे. कांचेला इजा न करतां तिच्यावरील शेवाळ काढणारें पहिलें साधन मनुष्यानें बनविलेलें नव्हतें; तें त्यानें तळ्यांतून व समुद्रकांठाहून उसनें आणलें.

गॉस यांच्या १८५४ सालीं निघालेल्या ग्रंथानें 'अॅक्वेरियम' हा शब्द घरोघर पोंचविला. त्याच्या आदल्या वर्षीं, १८५३ च्या मे महिन्यांत, लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयांत जगांतील पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें होतें, आणि तेथील कांहीं समुद्रप्राणी गॉस यांनींच गोळा करून पाठविले होते. मग जी साथ पसरली तिला साथच म्हटलें पाहिजे. पेट्या विकणारीं दुकानें निघालीं, मार्गदर्शक पुस्तकें निघालीं, आणि आगगाडीनें समुद्रकांठीं जाऊन हातोडी-छिन्नीनें खडकावरचे जीव काढून आणणें ही सुशिक्षित कुटुंबांची सुटींतली करमणूक झाली.

ही साथ ओसरली तीहि तितक्याच वेगानें. रेव्हरंड जे. जी. वुड यांनीं १८६८ सालीं लिहितांना दहांपैकीं नऊ पेट्या लोकांनीं टाकून दिल्या असें म्हटलें आहे. कारणें अनेक होतीं. परंतु त्यांतलें एक कारण कांचेवरच वाढत होतें. मासे नीट दिसावे म्हणून लोक पेटी उन्हाच्या खिडकींत ठेवीत, चारी बाजूंनीं उजेड येऊं देत, आणि मग आठ दिवसांत हिरव्या झालेल्या कांचेकडे पाहून हताश होत. ज्या उजेडानें पहावयाचें तोच उजेड दृश्य झांकून टाकतो, ही अडचण तेव्हां पुष्कळांच्या ध्यानींच आली नाहीं.

या हौसेची दुसरी किंमत समुद्रकिनाऱ्यांना द्यावी लागली. गॉस यांचे चिरंजीव एडमंड यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आत्मचरित्रपर ग्रंथांत याविषयीं खेदानें लिहिलें आहे. लहानपणीं वडिलांबरोबर पाहिलेलीं तीं खडकांतील जिवंत डबकीं संग्राहकांच्या झुंडींनीं ओरबाडून नेलीं, आणि या नाशाला आपलेच लोकप्रिय ग्रंथ कारण झाले ही जाणीव पुढें त्या सश्रद्ध पित्याला बोंचत राहिली. पाहण्याची आवड ही चांगली गोष्ट आहे. परंतु अधीर झालेली आवड ज्याला पहावयाचें त्यालाच दुखविते. किनाऱ्याच्या बाबतींत जें घडलें तेंच लहान प्रमाणावर कांचेच्या बाबतींत घडतें. म्हणून या प्रसंगाचा उल्लेख येथें केला.

उजेडाची अडचण ज्यानें नीट ओळखली तो मनुष्य म्हणजे विल्यम आल्फर्ड लॉइड. हा प्रथम लंडनमध्यें पेट्या व समुद्रप्राणी विकीत असे. १८६४ सालच्या हँबर्ग येथील मत्स्यालयाशीं त्याचा संबंध आला, आणि १८७१ सालीं दक्षिण लंडनमध्यें सिडनहॅम येथें पुनः उभारलेल्या स्फटिक-प्रासादांत त्याच्या योजनेप्रमाणें मोठें मत्स्यालय उघडलें. लॉइडची युक्ति अशी. लोकांना दाखवावयाच्या टांक्यांत जेवढें पाणी, त्याच्याहून कितीतरी अधिक पाणी त्यानें तळघरांतल्या अंधाऱ्या हौदांत सांठविलें आणि वाफेच्या पंपांनीं तें सतत खेळतें ठेविलें. अंधारांत शेवाळ वाढत नाहीं. शिवाय टांक्यांवर उजेड वरून पडावा व पाहणारांनीं मंद प्रकाशांत उभें रहावें, अशी रचना केल्यामुळें मासे स्पष्ट दिसत आणि समोरच्या कांचेवर थेट ऊन पडत नसे. आजहि जगांतील बहुतेक मोठ्या मत्स्यालयांत प्रेक्षक अंधारांत उभा असतो व प्रकाश पाण्यावर वरून येतो. त्यांत शोभेचा भाग आहेच. परंतु त्याच्या मुळाशीं शेवाळाशीं केलेला हा जुना तह आहे.

येथपर्यंत दोन उपाय झाले: गोगलगाय आणि अंधार. दोन्हींमुळें शेवाळ कमी होतें. अजिबात जात मात्र नाहीं. शेवटीं हात लावण्याचा प्रसंग येतोच, आणि चरा पडतो तो तेव्हांच. तो पडतो कां, हें कळण्यासाठीं कांच मुळांत गुळगुळीत कशी होते हें पाहिलें पाहिजे.

एकोणिसाव्या शतकांतील उत्तम जाड कांच ओतीव असे. वितळलेला रस सपाट टेबलावर ओतून त्यावरून लोखंडी रूळ फिरवीत. थंड झालेला ताव खडबडीत व धुरकट निघे. मग तो पाणी व वाळू घालून घांशीत. नंतर वाळूच्या जागीं कुरुंदाची अधिकाधिक बारीक पूड वापरीत. आणि शेवटीं लोहाच्या तांबड्या भस्मानें नमद्यावर झिलई देत. म्हणजे ज्या तावाला आपण निर्मळ म्हणतों तो वस्तुतः असंख्य ओरखड्यांनींच गुळगुळीत केलेला असे. फक्त प्रत्येक नवा ओरखडा आधींच्याहून बारीक असे, आणि शेवटचा इतका बारीक कीं डोळ्याला दिसूं नये. वितळलेल्या कथलावर कांच तरंगत ठेवून ती जन्मतःच सपाट करण्याची रीत पिल्किंग्टन यांच्या कारखान्यानें १९५९ सालीं जाहीर केली, आणि त्यानंतर हें घांसकाम इतिहासजमा झालें. परंतु त्या घांसकामाचा धडा अजून जुना झालेला नाहीं. वाळूनें कांच झिजते ही गोष्ट कारखानदाराला जितकी उपयोगाची, तितकीच ती आपल्याला घातक आहे.

कोणता पदार्थ कोणाला ओरखडूं शकतो, याची साधी श्रेणी फ्रीड्रिख मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञानें १८१२ सालीं लावून दिली. तींत सर्वांत मृदु शंखजिरें, त्याचा अंक १. आणि सर्वांत कठीण हिरा, त्याचा अंक १०. आपलें नख अडीचच्या आसपास येतें. शिंपल्यांतला व पाण्याच्या खारांतला चुना ३ ते ४. साधी कांच सुमारें साडेपांच. चाकूचें पोलाद तिच्याच शेजारीं, थोडें खालीं किंवा वर. आणि गारगोटी, जिच्यापासून नदीची व समुद्राची बहुतेक वाळू बनलेली असते, तिचा अंक ७. कुरुंद ९. वरच्या अंकाचा पदार्थ खालच्याला ओरखडतो. खालचा वरच्याला ओरखडूं शकत नाहीं.

ही श्रेणी डोळ्यांपुढें ठेविली कीं अपराधी कोण हें लगेच कळतें. शेवाळ मऊ आहे. तें कांचेला कांहीं करीत नाहीं. नव्या पेटींतला तपकिरी बुरा बहुधा डायाटम नांवाच्या सूक्ष्म वनस्पतींचा असतो. तो नुसत्या मऊ फडक्यानें निघतो. फडकें मऊ आहे, हात तर त्याहून मऊ. कांचेहून कठीण असें पेटींत एकच द्रव्य उरतें, आणि तें म्हणजे तळची वाळू. पुसतां पुसतां फडक्यांत किंवा स्पंजांत तिचा एखादा कण सांपडतो, आणि त्या क्षणीं आपल्या हातांतलें फडकें फडकें रहात नाहीं. तें कांचकागद होतें. हात जितक्या जोरानें व कळकळीनें फिरवावा तितका चरा खोल जातो. कांच वाळूपासूनच बनते आणि वाळूनेंच बिघडते, हा योग मोठा विलक्षण आहे. तिच्या उत्पत्तींत भट्टीच्या आंचेनें आणि इतर क्षारांच्या मिश्रणानें गारगोटीचा मूळचा कठीणपणा उणावतो, म्हणून लेंक आईपुढें दुबळी ठरते.

यावरून व्यवहाराचे नियम आपोआप निघतात. कांच पुसावयाची ती वरून खालीं पुसावी, आणि वाळूच्या वर दोन बोटें अंतर राहिलें कीं थांबावें. वाळूपर्यंत गेलेलें फडकें न धुतां पुन्हां वर नेऊं नये. अगदीं तळची पट्टी राहिली असेल तर वाळू आधीं मागें सारावी, आणि ती पट्टी प्लास्टिकच्या पातळ चकतीच्या कडेनें हलकेंच खरवडावी. प्लास्टिक कांचेहून मृदु असल्यानें चकती झिजेल, कांच झिजणार नाहीं. आंत एक व बाहेर एक अशी चुंबकाची जोडी हल्लीं पुष्कळ ठिकाणीं वापरतात. ती सोयीची आहे खरी. परंतु तिच्यांत सांपडलेला कण हाताला जाणवत नाहीं, आणि चुंबक त्याला एकसारखा दाबून धरतो. म्हणून प्रत्येक वेळीं ती बाहेर काढून, बोटानें चांचपून व धुवून मगच पुन्हां लावावी. भांडीं घांसण्याची हिरवी घांसणी तर पेटीजवळहि आणूं नये. तशा कित्येक घांसण्यांत जें खरखरीत द्रव्य चिकटविलेलें असतें तें कुरुंदाच्याच जातीचें असतें, म्हणजे मोसच्या श्रेणींत कांचेहून फारच वरचें. साबणाचें फडकें वेगळ्या कारणानें वर्ज्य आहे. तें कांचेला नव्हे, माशांना मारतें.

कांचेवर हिरव्या टिकल्यांसारखें चिवट शेवाळ बसतें, तें फडक्याला दाद देत नाहीं. त्याला दाढीचें पातें चालतें. मात्र पातें नवें असावें, कांचेशीं जवळ जवळ निजवून धरावें आणि टोंक रुतूं देऊं नये. पात्याचें पोलाद कांचेच्या तोडीचें आहे हें वर सांगितलेंच. गुळगुळीत धार सरकून जाते. गंजलेली किंवा दांते पडलेली धार ओरखडते. पाण्याच्या रेषेवर जो पांढरा खार सांचतो तो खरवडण्याच्या भरीस पडूंच नये. पेटी रिकामी असतांना शिरक्यांत भिजविलेलें फडकें त्यावर कांहीं वेळ ठेविलें म्हणजे चुना विरघळतो, आणि मग तेथें स्वच्छ पाणी फिरविलें कीं काम झालें. जेथें विरघळविणें शक्य आहे तेथें घांसणें हा अडाणीपणा होय.

बाहेरच्या बाजूचीहि उपेक्षा करूं नये. पाण्याकडील चरा पेटी भरलेली असतांना बराच लपतो. कारण कांचेतून पाण्यांत जातांना प्रकाश थोडा वळतो, परंतु कांचेतून हवेंत येतांना तो पुष्कळ वळतो. म्हणून बाहेरचा चरा अधिक डोळ्यांत भरतो, आणि आंतला पेटी रिकामी झाल्यावर उघडा पडतो. घरांतल्या धुळीतहि गारगोटीचे सूक्ष्म कण असतात. कोरड्या फडक्यानें बाहेरची कांच खसाखसा पुसणें म्हणजे ते कण तिच्यावर रगडणें होय. आधीं ओल्या फडक्यानें धूळ उचलावी, मग पुसावें.

एका चऱ्याचें एवढें अवडंबर कशासाठीं, असें कोणी म्हणेल. त्याला उत्तर दोन प्रकारचें आहे. चऱ्याच्या खांचेत शेवाळाला आसरा मिळतो. तेथें फडकें पोंचत नाहीं, म्हणून पुढच्या खेपेस तेथेंच अधिक जोर लावला जातो आणि एका चऱ्याशेजारीं दुसरा येतो. दुसरें कारण अधिक गंभीर आहे. तावदानें बसविणारा कारागीर हिरकणीनें कांच कापतो असें आपण म्हणतों. वास्तविक तो फक्त एक चरा ओढतो आणि त्या रेषेवर हलका दाब देतो, कांच आपण होऊन दुभंगते. याचें शास्त्रीय कारण ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज यंत्रशास्त्रज्ञानें १९२१ सालीं मांडलें. कांच तिच्या द्रव्याच्या मानानें जितकी बळकट असावयास हवी तितकी असत नाहीं, कारण तिच्या अंगावरच्या सूक्ष्म भेगांच्या टोंकाशीं सगळा ताण एकवटतो. घरगुती पेटी केसाएवढ्या चऱ्यानें फुटत नाहीं, हें खरें. परंतु जो चरा नखाला अडतो तो केवळ शोभेचा प्रश्न राहिलेला नसतो.

विसाव्या शतकांत कांचेला एक प्रतिस्पर्धी उत्पन्न झाला. जर्मनींत ओटो रोम यांच्या कंपनीनें १९३३ सालीं 'प्लेक्सिग्लास' या नांवाखालीं अॅक्रिलिकचे पारदर्शक ताव बाजारांत आणण्यास प्रारंभ केला, आणि दुसऱ्या महायुद्धांत विमानांच्या छतांसाठीं ते सर्रास वापरले गेले. पुढें त्यांनींच प्रचंड मत्स्यालयें शक्य केलीं. जपानांतील ओकिनावा येथें २००२ सालीं उघडलेल्या मत्स्यालयाची एक खिडकी साडेबावीस मीटर रुंद, आठ मीटरांहून उंच आणि साठ सेंटिमीटर जाड आहे. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचें उद्घाटन १९५१ सालीं राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें झालें. तेथेंहि २०१५ च्या नूतनीकरणांत अॅक्रिलिकचा बोगदा आला. अॅक्रिलिक सहजासहजीं फुटत नाहीं, परंतु कांचेहून तें पुष्कळच मृदु आहे. त्याला दाढीचें पातें, राठ फडकें, कधीं कधीं खरखरीत कागदहि ओरखडतो. म्हणून अशा मोठ्या टांक्यांत पाणबुडे उतरून मऊ साधनांनीं अलगद पुसतात. त्याचा एक गुण असा कीं त्याचे ओरखडे पुन्हां झिलई देऊन काढतां येतात. कांचेच्या बाबतींत ही सोय जवळ जवळ नाहींच. ती कठीण असल्यामुळें सहज दुखावत नाहीं, आणि कठीण असल्यामुळेंच दुखावल्यावर बरी होत नाहीं.

वॉरिंग्टन यांचें त्रिकूट परिपूर्ण होतें असें मात्र समजूं नये. माशांच्या मलमूत्रांतील विषारी अमोनियाचें रूपांतर करणारे सूक्ष्म जंतु त्यांस ठाऊक नव्हते. ते सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास ओळखून दाखविले. हे जंतु वाळूवर, दगडांवर व कांचेच्या पृष्ठभागावरहि वस्ती करतात. म्हणजे जो पेटी आंतून बाहेरून, वाळूसुद्धां घांसून लख्ख करतो तो आपल्या माशांचे अदृश्य सेवकच धुवून टाकतो, आणि मग दोन दिवसांनीं मासे उलटे कां झाले म्हणून आश्चर्य करतो. तथापि या शोधानें वॉरिंग्टन खोटे ठरले नाहींत; उलट त्यांचा मूळ विचार अधिक खोल झाला. पाण्याची स्वच्छता ही कोणीतरी बाहेरून येऊन करावयाची गोष्ट नसून ती आंत राहणाऱ्यांच्या परस्परसंबंधांतून होत असते, हाच तो विचार.

म्हणून घरांतल्या पेटीविषयीं या सर्व इतिहासाचा सल्ला थोडक्यांत असा निघतो. ती उन्हाच्या खिडकींत ठेवूं नये. दिवा दिवसांतून ठराविक तासच लावावा. माशांना खाऊन उरेल इतकें अन्न घालूं नये, कारण उरलेलें अन्न शेवाळाचेंच अन्न होतें. दोन-चार गोगलगाई असूं द्याव्या. पुसावयाची ती फक्त समोरची कांच, जिच्यांतून आपण पाहतों. मागची व बाजूची कांच हिरवी राहिली तर राहूं द्यावी. तेथें गोगलगाईला चारा मिळतो, जंतूंना घर मिळतें आणि माशांना, आपण कांचेच्या पेटींत आहों याचा, थोडा तरी विसर पडत असेल. आणि पुसतांना घरांतील मुलाबाळांस जोर लावावयास न शिकवितां, दर दोन फेऱ्यांनंतर फडकें बोटानें चांचपून पहावयास शिकवावें. गॉस यांनीं भिंगांतून पाहिलेला तो लहानसा शंख याहून अधिक कांहीं करीत नसे. तो एका वेळीं एक जीभभर जागा साफ करी, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां तेथूनच पुढें जाई.